६,४१७ नावांची यादी

१६ ऑक्टोबर २०१४ ही तारीख घातलेला एक कागद आहे. इस्लामिक स्टेटनं, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतल्या ‘इसिस’नं, आपल्या ताब्यातल्या मुलखासाठी काढलेला. त्यात म्हटलंय की बायकांच्या आणि गुरांच्या बाजारात उठाव राहिलेला नाही, त्यामुळे महसूल घटतोय, म्हणून यझिदी आणि ख्रिस्ती बायकांचे दर ठरवून दिले आहेत. चाळीस ते पन्नास वर्षांची बाई ५० हजार इराकी दिनार. तीस ते चाळीस, ७५ हजार. वीस ते तीस, एक लाख. दहा ते वीस, दीड लाख. आणि एक ते नऊ वर्षांचं मूल, दोन लाख. एका गिऱ्हाइकाला तीनपेक्षा जास्त मिळणार नाहीत. तुर्की, सीरियन आणि आखाती पाहुण्यांना मात्र ही मर्यादा नाही. ठरल्या दराबाहेर व्यवहार करणाऱ्याला देहदंड.

त्या वेळच्या विनिमय दरानं दोन लाख दिनार म्हणजे सुमारे साडेदहा हजार रुपये. पन्नास हजार दिनार म्हणजे अडीच हजारांच्या आसपास. वय उतरत जाईल तसा भाव चढत जातो, हे त्या कागदावर काही न बोलता मांडलेलं आहे.

इंटरनेटवर हा कागद आला तेव्हा पुष्कळांना तो बनावट वाटला. वाटणारच. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधी झैनब बंगुरा त्या भागात जाऊन आल्या, सुटून आलेल्या मुलींशी बोलल्या आणि हा कागद खरा असल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

इराकच्या वायव्य टोकाला, सीरियाच्या सीमेलगत, सिंजार नावाचा डोंगर आहे. त्याच्या दोन्ही अंगांना यझिदींची गावं. यझिदी म्हणजे कुर्दी भाषा बोलणारा, मोराच्या रूपातल्या देवदूताला मानणारा एक जुना, छोटा धर्मसमूह. इराकमधली त्यांची संख्या साडेपाच लाखांच्या घरातली, त्यातले चारेक लाख सिंजारच्या परिसरात. ३ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे इसिसच्या गाड्या या गावांत घुसल्या. संरक्षणाला ठेवलेले कुर्दी पेशमर्गा सैनिक गावकऱ्यांना न सांगता निघून गेले होते. ज्यांना जमलं ते डोंगरावर पळाले. हजारो माणसं भर ऑगस्टच्या उन्हात पाण्यावाचून वर अडकली. पुढे विस्थापितांच्या छावण्यांत घरोघर विचारून काही संशोधकांनी २०१७ मध्ये हिशेब मांडला. त्यांचा अंदाज असा की थोड्याच दिवसांत सुमारे ३,१०० यझिदी मेले आणि ६,८०० पळवले गेले. मेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना गोळ्या घातल्या, गळे चिरले किंवा जिवंत जाळलं. बाकीचे डोंगरावर तहानेनं, भुकेनं आणि जखमांनी गेले. त्या डोंगरावर मेलेल्यांत शंभरातली त्र्याण्णव मुलं होती.

यझिदी स्वतः या घटनेला आपला चौऱ्याहत्तरावा फरमान म्हणतात. आधीचे त्र्याहत्तर संहार त्यांनी पिढ्यान् पिढ्या तोंडी मोजत आणले आहेत.

आकड्यांची दुसरी वही उत्तर इराकमधल्या दोहुक शहरात आहे. कुर्दिस्तानच्या प्रादेशिक सरकारनं २०१४ च्या अखेरीस तिथं एक कचेरी उघडली. काम एकच: पळवलेल्या यझिदींची नावं लिहून घ्यायची आणि त्यांना सोडवायचं. या कचेरीची संख्या ६,४१७ आहे. ३,५४८ मुली आणि बायका, २,८६९ मुलगे आणि पुरुष. संशोधकांच्या ६,८०० पेक्षा ती थोडी कमी आहे, कारण तो अंदाज होता आणि ही नावनिशीवार यादी. ज्या घरातलं कुणीच उरलं नाही, त्या घराची नावं नोंदवायला कोण येणार?

६,४१७ माणसं एसटीच्या ४४ आसनी गाड्यांत बसवायची तर १४६ गाड्या लागतील. कल्पना फार ताणलेली नाही, कारण यांना खरोखरच बसमध्ये घालून नेलं होतं. आधी माणसं वेगळी काढली. कोचो गावात १५ ऑगस्टला सगळ्यांना शाळेत जमवलं. पुरुषांना गावाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या. वयात येऊ घातलेल्या मुलांना सदरे वर करायला लावत. काखेत केस असले तर बापाच्या रांगेत, नसले तर आईजवळ. सात वर्षांवरच्या मुलग्यांना पुढे प्रशिक्षण छावण्यांत नेऊन बंदूक शिकवली गेली. म्हाताऱ्या बायका विकल्या जाणार नव्हत्या, त्यांना मारून पुरलं. नादिया मुराद याच कोचोची. तिची आई आणि सहा भाऊ मारले गेले. २०१८ चं शांततेचं नोबेल तिला काँगोच्या डॉक्टर डेनिस मुकवेगे यांच्यासोबत विभागून मिळालं.

उरलेल्यांच्या बसगाड्या तल अफार, मोसुल, रक्का या दिशांना गेल्या. मोसुलमध्ये ‘गॅलक्सी’ नावाचं लग्नाचं कार्यालय होतं. तिथं शेकडो बायका-मुलींना एकत्र ठेवलं आणि नोंदणी सुरू झाली: नाव, वय, लग्न झालंय का, मुलं किती. मग फोटो. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं जून २०१६ मध्ये दिलेल्या अहवालात या सगळ्याचं वर्णन आहे. मुलींनी स्वतःची तोंडं ओरबाडून रक्तबंबाळ केली, कुरूप दिसावं म्हणून. कुणी भाचरांना पोटची मुलं म्हणून पुढे केलं, लग्न झालेली दिसावी म्हणून. नऊ वर्षांच्या पुढची मुलगी विक्रीयोग्य मानली जात होती. आयोग सांगतो की साधारण ८० टक्के बायका-मुली लढवय्यांना वैयक्तिक खरेदीसाठी खुल्या होत्या, आणि सुमारे २० टक्के संघटनेची सामायिक मालमत्ता म्हणून लष्करी तळांवर वाटायला राखून ठेवल्या होत्या. मालमत्ता म्हटली की वहीखातं आलंच. विक्रीचे करार इसिसच्या न्यायालयांत शिक्क्यानिशी नोंदवले जात. गुलामीतून मोकळं केल्याची प्रमाणपत्रंही निघत.

प्रत्यक्ष बाजारात त्या छापील दराला फारसं कुणी विचारलं नाही. आयोगाच्या नोंदीप्रमाणे एका बाईची किंमत २०० ते १,५०० डॉलर. लग्न, वय, मुलं आणि रूप पाहून. तीच बाई तिच्या नातेवाइकांना परत विकायची तर १० हजार ते ४० हजार डॉलर. म्हणजे बारा हजार रुपयांत घेतलेली मुलगी सहा लाखांना, कधी पंचवीस लाखांना. २०१६ च्या जुलैत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं टेलिग्रामवरच्या जाहिराती उघड केल्या. त्यांतली एक बारा वर्षांच्या मुलीची होती. तिची बोली १२,५०० डॉलरवर गेली होती. याच वृत्तसंस्थेनं ४८ बंदिवानांचे, पळून आलेल्या एका व्यक्तीनं बाहेर आणलेले फोटो मिळवले. असे फोटो इसिसच्या चौक्यांवर फोनमध्ये ठेवलेले असत, पळून जाणारी बाई ओळखता यावी म्हणून. कोणती बाई कुणाच्या मालकीची, हेही सोबत लिहिलेलं.

सोडवण्याचं काम ज्यांनी केलं त्यांच्यात अब्दुल्ला श्रेम हा मधमाश्या पाळणारा माणूस होता. युद्धाआधी तो सीरियात मध विकायला जायचा, त्यामुळे हलबपर्यंतचे (अलेप्पोपर्यंतचे) रस्ते, ट्रकवाले आणि सिगारेटचे चोरटे व्यापारी त्याच्या ओळखीचे होते. त्याच्या स्वतःच्या घराण्यातली ५० हून अधिक माणसं पळवली गेली होती. या जुन्या ओळखी वापरून त्यानं जवळपास चारशे जणांना बाहेर काढलं. कुणी पावाच्या गाडीतून, कुणी बुरख्याआड दुसऱ्याची बायको म्हणून. दोहुकच्या कचेरीच्या वहीत आजवर साडेतीन हजारांहून अधिक जण सुटल्याची नोंद आहे. त्यातला मोठा वाटा असा दलाल, ओळखीपाळखी आणि कर्ज काढून उभारलेले पैसे यांनी झालेला आहे. जगातली सगळी हवाई दलं त्या काळात त्याच आकाशात होती.

आता प्रश्न येतो धर्माचा, आणि तो टाळून चालणार नाही. ऑक्टोबर २०१४ मध्येच इसिसनं आपल्या ‘दाबिक’ या इंग्रजी मासिकात गुलामगिरी पुन्हा सुरू केल्याचं अभिमानानं छापलं. डिसेंबरात प्रश्नोत्तरांची एक पुस्तिका काढली: कुणाला विकत घेता येतं, काय करता येतं, कुणाला मारता येतं. आधार म्हणून मध्ययुगीन फिकहचे, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचे, दाखले. हे दाखले हवेतून काढलेले नव्हते. पकडलेल्या स्त्रीला दासी म्हणून ठेवण्याची तरतूद अभिजात इस्लामी कायद्यात होती आणि इस्तंबूलपासून मस्कतपर्यंत बाजार शतकानुशतकं भरत होते. हे लपवून काहीच साधत नाही.

पण त्याच समाजांनी हे बाजार बंदही केले, आणि तारखा पाहिल्या की आपल्या बऱ्याच समजुती हलतात. ट्युनिसच्या अहमद बेनं गुलामगिरी रद्द केली जानेवारी १८४६ मध्ये. फ्रान्सनं आपल्या वसाहतींत ती कायमची रद्द केली १८४८ ला, अमेरिकेनं १८६५ ला. ज्या फ्रान्सनं पुढे ट्युनिशियाला सुधारणा शिकवायचा आव आणून तो देश ताब्यात घेतला, तो या एका बाबतीत दोन वर्षं मागं होता. दुसऱ्या टोकाला सौदी अरेबिया १९६२, ओमान १९७० आणि मॉरिटानिया १९८१. मॉरिटानियात गुलाम ठेवणं हा शिक्षापात्र गुन्हा ठरायला २००७ उजाडलं. म्हणजे एकाच धर्माच्या देशांत १३५ वर्षांचं अंतर. सगळ्यांना एका वाक्यात गुंडाळणाऱ्यानं आधी हे अंतर समजावून द्यावं.

आणि पुण्यात बसून हे वाचणाऱ्यांनी पेशवे दफ्तरातल्या कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदीही आठवाव्यात. बायका विकत घेऊन सरकारी कोठीत कामाला लावणं आपल्याकडे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी रीतसर चालत होतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे ते दरपत्रक निघायच्या महिनाभर आधी, जगभरच्या १२६ मुस्लिम धर्मपंडितांनी इसिसचा म्होरक्या बगदादी याला अरबीत लांबलचक खुलं पत्र लिहिलं. गुलामगिरी सर्व पंडितांच्या एकमतानं संपलेली आहे, ती परत आणणं निषिद्ध आहे, असं त्यात स्पष्ट शब्दांत होतं. पत्राचा बाजारावर परिणाम शून्य झाला. तरी इसिसला इस्लामचा एकमेव खरा अर्थ मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी, तिच्यात सामील झालेल्यांनी आणि तिचं उदाहरण देऊन दीड-पावणेदोनशे कोटी माणसांना एका तराजूत तोलणाऱ्यांनीही, ते एकदा वाचायला हवं होतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्या कल्याणमधून चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला जाऊन नाहीसे झाले होते. त्यांतला एक नोव्हेंबरात परतला. या बाजाराशी त्यांचा संबंध होता असं मी म्हणत नाही. पण मोसुलची हाक कल्याणपर्यंत ऐकू येत होती, आणि त्या १२६ जणांचं पत्र आपल्याकडे किती घरांत पोचलं?

माझ्या मते धर्मग्रंथांइतकंच, किंबहुना जास्त, पाहायला हवं ते इराकमधल्या बाईच्या रोजच्या किमतीकडे. हा देश मागासलेलाच होता असं नाही. अरब जगातली पहिली स्त्री मंत्री, डॉ. नझीहा अल-दुलैमी, १९५९ मध्ये बगदादच्या मंत्रिमंडळात होत्या. त्याच वर्षी आलेल्या व्यक्तिगत कायद्यानं लग्नाचं वय १८ केलं. न्यायाधीशाच्या परवानगीनं त्याखाली. आजही संसदेच्या ३२९ जागांपैकी ८३ बायकांसाठी राखीव आहेत, म्हणजे चौथा हिस्सा. आपल्याकडे लोकसभेतलं महिला आरक्षण २०२३ मध्ये कायद्यात आलं, हे जाता जाता. पण संसदेबाहेर पडलं की आकडे उलटे फिरतात. २०२१ च्या पाहणीत कामकरी वयातल्या शंभर इराकी बायकांपैकी जेमतेम अकरा जणी काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. पुरुषांत हा आकडा ६८. युनिसेफच्या हिशेबानं २८ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत होतं. दंडसंहितेचं ४१ वं कलम नवऱ्याला बायकोला ‘शिस्त लावण्याची’ मुभा देतं. ज्या बाईच्या हातात पगार नाही, जिच्या अंगावर हात टाकायला कायद्याची ना नाही, ती कुणाच्या तरी ताब्यातली वस्तू आहे ही समजूत इसिसला नव्यानं रुजवावी लागली नाही. इसिसनं त्या वस्तूवर किंमत लिहिली.

यझिदी समाजही याला अपवाद नव्हता. एप्रिल २००७ मध्ये बशिका गावात सतरा वर्षांच्या एका यझिदी मुलीला, ती एका मुस्लिम मुलाच्या प्रेमात पडली म्हणून, आपल्याच माणसांनी भर रस्त्यात दगडांनी ठेचून मारलं. धर्माबाहेर शरीरसंबंध आला की समाजातून बाहेर, हा शतकांचा नियम. म्हणून फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांचे धर्मगुरू बाबा शेख यांनी काढलेल्या फतव्याचं वजन कळतं. सुटून आलेल्या बायका पूर्वीइतक्याच यझिदी आहेत, त्यांना सन्मानानं घरात घ्या, असं त्यांनी बजावलं. लालिशच्या देवस्थानातल्या पांढऱ्या झऱ्यावर त्यांचा पुन्हा दीक्षाविधी सुरू झाला. शतकांचा नियम एका वाक्यात मोडला गेला.

अर्धाच मोडला. बायकांना घरात घेतलं. त्यांच्या कडेवरच्या, इसिसवाल्यांपासून झालेल्या मुलांना नाही. एप्रिल २०१९ मध्ये धर्मपरिषदेनं मुलांनाही स्वीकारायचं जाहीर केलं आणि समाजात इतका गदारोळ झाला की थोड्याच दिवसांत खुलासा आला: त्यात ती मुलं येत नाहीत. इराकी कायद्याप्रमाणे बाप मुस्लिम तर मूल मुस्लिम. म्हणजे आईपुढे दोन वाटा होत्या. पोराला अनाथालयात सोडून सिंजारला परत या, नाहीतर इसिसवाल्यांच्या कुटुंबांच्या छावणीत, अल-होलमध्ये, आपलं खरं नाव लपवून राहा. अनेकींनी दुसरी वाट धरली. दोहुकच्या यादीत त्या ‘बेपत्ता’ आहेत.

मोठे आकडे याहून फार मोठे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२२ मध्ये अंदाज दिला की जगात पाच कोटी माणसं आधुनिक गुलामगिरीत आहेत, म्हणजे दर दीडशेत एक. त्यातली ६३ लाख जबरदस्तीच्या देहविक्रयात. पाचांतल्या जवळपास चार बायका आणि मुली. २०२४ च्या अहवालात या धंद्याचा नफाही काढलाय: वर्षाला १७,३०० कोटी डॉलर. रुपयांत साधारण १४ लाख कोटी. महाराष्ट्र सरकारचा २०२४-२५ चा सगळा अर्थसंकल्प ६ लाख १२ हजार कोटींचा होता, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. खासगी धंद्यांत वेठीला धरलेल्यांपैकी देहविक्रयात आहेत २७ टक्के, पण नफ्यातला वाटा ७३ टक्के. एका पीडित व्यक्तीमागे वर्षाला २७ हजार डॉलर, म्हणजे बावीस लाखांहून अधिक रुपये. यात कोणता धर्म किती, हे कुणी विचारू नये. या बाजारात बँकॉक, लागोस, कोलकाता, मुंबई सगळे बसलेले आहेत.

हे आकडे खरे आहेत आणि तरीही माझ्यावर त्यांचा परिणाम ६,४१७ इतका होत नाही. ६३ लाखांत कुणाचंच नाव नाही. दोहुकच्या वहीत प्रत्येक ओळीला नाव, गाव आणि सुटल्याची तारीख, नाहीतर कोरी जागा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातली एक जागा भरली. अकराव्या वर्षी पळवलेली मुलगी एकविसाव्या वर्षी सापडली, तीही गाझामध्ये. सिंजार ते गाझा, मधे दहा वर्षं. अजून २,६०० च्या आसपास जागा कोऱ्या आहेत. सिंजारभोवती ऐंशीहून अधिक सामूहिक कबरी सापडल्या आहेत. त्यांतले सांगाडे ओळखू येतील तसतशी काही नावं या रकान्यातून त्या रकान्यात जातील. पोरकी म्हणून नोंदलेली मुलं २,७४५.

भरपाईचंही थोडं सांगायला हवं. मार्च २०२१ मध्ये इराकी संसदेनं यझिदी पीडितांसाठी कायदा केला. या गुन्ह्यांना त्यात अधिकृतपणे वंशसंहार म्हटलं आणि सुटून आलेल्यांना दरमहा ८ लाख दिनारांचं निवृत्तिवेतन दिलं. २०२३ पासून ते मिळू लागलं. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यानं त्याआधीच, २०१५ मध्ये, अकराशे बायका-मुलांना आपल्याकडे नेऊन उपचार दिले. नादिया मुराद त्यांच्यातलीच.

शिक्षाही पहिल्यांदा जर्मनीनंच दिली. ३० नोव्हेंबर २०२१ ला फ्रँकफर्टच्या न्यायालयानं ताहा अल-जुमैली या इराकी इसिसवाल्याला जन्मठेप ठोठावली. त्यानं २०१५ मध्ये एक यझिदी आई आणि तिची पाच वर्षांची मुलगी विकत घेतली होती. मुलीनं अंथरूण ओलं केलं म्हणून फल्लुजाच्या रणरणत्या उन्हात तिला खिडकीच्या गजाला बांधलं. ती तिथंच मेली. यझिदींविरुद्धच्या वंशसंहाराबद्दल जगात कुणाला झालेली ती पहिली शिक्षा. इसिसमध्ये सामील झालेल्या त्याच्या जर्मन बायकोला आधी दहा वर्षांची शिक्षा झाली, नंतर ती वाढून चौदा झाली.

इराकमध्ये हजारो इसिसवाल्यांवर खटले झाले, बहुतेक सगळे २००५ च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली. संघटनेचा सदस्य होता एवढं पुरे. कुणाला विकलं, कुणाला विकत घेतलं हे विचारायची गरज पडत नाही, साक्षीला त्या बायकांना बोलवायचीही नाही. १९६९ च्या इराकी दंडसंहितेत वंशसंहार नावाचं कलम नाही. सद्दामवर खटला चालवण्यासाठी २००५ मध्ये जो खास कायदा केला, त्यात ते होतं. पण तो कायदा १७ जुलै १९६८ ते १ मे २००३ एवढ्याच काळातल्या गुन्ह्यांना लागू आहे, आणि इसिसच्या गाड्या सिंजारमध्ये शिरल्या त्या ३ ऑगस्ट २०१४ ला.